पास्कूकाकांची रॅम आणि विहिरीचं गाणं

माझ्या दुकानात पाऊल टाकणाऱ्या नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर आहेत का?" मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली न ठेवता सांगते, "सर घरी वाल सोलतायत. मशीन इथे ठेवा." विरार पूर्वेला मनवेलपाड्यात, एका चाळवजा इमारतीच्या तळमजल्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि ते पहिल्यापासून माझंच आहे. आमचे हे रिमोटचे सेलसुद्धा उलटे घालतात. पण गिऱ्हाइकाला बाई दिसली की ती पावती फाडायला बसलीय असंच वाटतं. पूर्वी मला राग यायचा. आता मी तो राग मजुरीत धरते.

या धंद्यात मेलेलं मशीन सगळ्यात सोपं. चालूच होत नाही म्हटल्यावर एकेक भाग काढायचा, तपासायचा, ज्याने दगा दिला तो बदलायचा. आमच्यासारख्यांचा घाम काढतो तो "अधूनमधून" हा शब्द. अधूनमधून बंद पडतो. अधूनमधून निळा पडदा येतो. दुकानात आणला की शहाण्या मुलासारखा चालतो, घरी गेला की परत तेच. एक बाई तर मला खात्रीने सांगत होत्या की सासूबाई गावाहून आल्या की कॉम्प्युटर बंद पडतो. मी हसले, पण त्यांचं खरं निघालं. सासूबाईंना भिंतीवरचं कुठलंही बटण चालू दिसलं की राहवत नसे, त्या येता-जाता बंद करत फिरायच्या. त्या केसचं निदान मी अजूनही सांगते, उपाय मात्र माझ्याकडे नव्हता.

पास्कूकाका आले तेही असंच "अधूनमधून" घेऊन. गासहून, रिक्षात, मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर आणि पायाशी राजेळी केळ्यांचा घड. गास म्हणजे नालासोपारा पश्चिमेचं वाड्यांचं गाव. काका तिथले जुने बागायतदार, सत्तरी ओलांडलेले, ख्रिस्ती. घरात त्यांची त्यांची बोली चालते, मला त्यातलं अर्धं कळतं. माझ्याशी मात्र ते शाळेतलं मराठी काढून बोलायचे.

"मॅडम, हा मध्येच मरतो आणि आपला आपणच उठतो."

"कधी मरतो?"

"त्याची मर्जी."

"आत महत्त्वाचं काय आहे?"

काका खुर्चीवर नीट बसले. "गाणी आहेत. आमच्या म्हाताऱ्या बायांची. लग्नाची, दळणाची, पाळण्याची. गावोगाव फिरून मी रेकॉर्ड करून भरलीत. त्यातल्या बऱ्याच बाया आता नाहीत."

मग त्यांनी खरी घाई सांगितली. नाताळानंतर त्यांच्या नातीचं, स्टेफीचं लग्न होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी आणतात, त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. त्या वेळी म्हणायचं एक गाणं आहे. ते गावात आता पुरं एकटीलाच येतं, ती काकांची थोरली बहीण रोझाबाय. विधवा झाल्यावर ती भावाकडेच राहायला आली होती. पण काकांनी ते भरून घेतल्यावर तिला दमा लागला आणि तिचं गाणं सुटलं. त्या गाण्यात एक कडवं असं आहे म्हणे, की त्यात घरात आलेल्या एकेका सुनेचं नाव येतं आणि ती कुठल्या विहिरीचं पाणी पिऊन वाढली ते येतं. स्टेफीने हट्ट धरला होता की स्पीकरवर का होईना, हे गाणं विहिरीवर लागलंच पाहिजे. तिला आपल्या खापरपणजीचं, तिच्या सासूचं, तिच्याही सासूचं नाव ऐकायचं होतं. ही नावं दुसरीकडे कुठेही नव्हती, आणि रोझाबायला विचारलं तर ती एवढंच म्हणायची, गाण्यात आहेत.

मी मशीन ठेवून घेतलं. माझ्या दुकानात, माझ्या पंख्याखाली ते एकदाही मेलं नाही. तपासण्या सगळ्या पास. मी लाइटवर बिल फाडलं, कारण त्या बाजूला दुपारी वाड्यांचे पंप लागले की दिवे मिणमिणतात. यूपीएस जोडून दिला. काका खूश होऊन गेले आणि त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला, "बाय, हा परत मेला." तोवर मी मॅडमची बाय झाले होते.

मग मी स्वतःच गासला गेले, मुद्दाम भर दुपारी. काकांचं मशीन मागच्या पडवीत होतं. वर पत्रे, समोर राजेळी केळ्यांची सुकेळी वाळत घातलेली, आणि उकाडा असा की बसल्याबसल्या चष्मा घसरावा. रोझाबाय उंबऱ्यात बसून सुकेळी उलटत होती. तिने मला एकदा खालपासून वरपर्यंत बघून घेतलं आणि भावाला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. "सर आले नाहीत का?" हेच असणार, ते मला बोली न कळताही कळलं.

इथे जरा धंद्यातलं सांगायला हवं. कॉम्प्युटरची डिस्क म्हणजे घरातलं फडताळ. सामान तिथे राहतं. पण स्वयंपाक फडताळात होत नाही, त्याला ओटा लागतो. काढलेलं, चिरलेलं, मळलेलं सगळं ओट्यावर. तो ओटा म्हणजे रॅम. मशीन जे काही करतं, साधी एक फाइल इकडून तिकडे नेतं, तेसुद्धा ओट्यावरूनच जातं. आता या ओट्यावर हात किती वेगाने चालवायचा याचं एक सेटिंग असतं. कंपनीने ते बेताचं ठेवलेलं असतं. हौशी लोक ते वाढवतात, कारण रॅमच्या पाकिटावर मोठा आकडा छापलेला असतो आणि आपल्याला तो पूर्ण मिळत नाही म्हणून त्यांना चुटपुट लागते. काही मशीनं तो वेग सोसतात. काही सकाळच्या गारव्यात सोसतात आणि दुपारी घामाघूम झाली की त्यांच्या हातून एखादा दाणा सांडतो. सांडला तो भलत्या ठिकाणी, तर मशीन मरतं.

मी पडवीतच रॅमची तपासणी लावली. थोडा वेळ ठीक गेलं, आणि मग पडद्यावर लाल ओळी येऊ लागल्या. एक, मग दहा, मग मोजायचं मी सोडून दिलं. मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये शिरले तर वेग वाढवलेला.

"काका, हे कोणी केलं?"

काकांनी चष्मा पुसला. "मीच. मोबाइलवर व्हिडिओ बघितला. म्हटलं मशीन म्हातारं झालं, त्यालाही जरा टॉनिक द्यावं."

"कधी?"

"झाली की दोन वर्षं."

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. चुलीत शेणी सारायच्या वयाचा माणूस मशीनच्या पोटात शिरून वेग वाढवतो, याचं मला कौतुकच वाटलं. मी सेटिंग पूर्ववत केलं, त्याच उकाड्यात तपासणी परत लावली. लाल ओळ एकही नाही. मशीन संध्याकाळपर्यंत चालत राहिलं. निदान झालं की आमच्या अंगात जरा वारं शिरतं. मी सुकेळी खात, पाय पसरून बसले आणि मागे येऊन उभ्या राहिलेल्या स्टेफीला म्हटलं, "लाव गं आता तुझं गाणं."

स्टेफीने फाइल उघडायला घेतली. उघडली नाही. दुसरी घेतली, तीही नाही. तिसरी उघडली आणि एका म्हातारीच्या आवाजाच्या मधोमध इतकी कर्कश किंचाळी आली की उंबऱ्यातल्या रोझाबायने कान झाकले.

माझा घास तोंडातच राहिला. दोन वर्षं या ओट्यावरून काय काय गेलं असेल, हा विचार मला तोवर शिवलाच नव्हता. मी घाईने विचारलं, "काका, याची दुसरी प्रत असेल ना? वेगळ्या डिस्कवर?"

"आहे ना. दर वर्षी करतो," काका अभिमानाने म्हणाले. "पास्काचा, म्हणजे ईस्टरचा सण झाला की सगळी गाणी नव्या डिस्कवर घालायची."

"आणि जुनी डिस्क?"

"ती पुसून टाकायची. जुनं ठेवून काय करायचं?"

मला कळेना. काकांनी मग मुलाला समजवावं तसं समजावलं. भाताचं बियाणं दर साल नवं करतात. गेल्या साली जे पिकलं त्यातलं चांगलं निवडून ठेवायचं, त्याआधीचं उरलेलं दळून खायचं. जुन्या बियाण्याचा भरवसा धरला तो बुडाला. त्यांच्या बापाने भात असंच जपलं, त्यांनीही जपलं. गाणीही त्यांनी तशीच जपली. दर वर्षी सगळी काढायची, एका गाठोड्यात बांधायची, नव्या डिस्कवर ठेवायची आणि जुनी रिकामी करायची. इतक्या मायेने कोणी आपलं सामान सांभाळताना मी पाहिलं नव्हतं. आणि टॉनिक दिल्यापासून दोन्ही वेळा प्रत्येक गाणं त्या सांडणाऱ्या ओट्यावरूनच गेलं होतं. जे मशीन मधूनमधून मरत होतं, ते मरत नव्हतं तेव्हा गाणी नासवत होतं, आणि पडद्यावर मात्र "कॉपी पूर्ण झाली" असं लिहून येत होतं.

हे मला त्यांना सांगावं लागलं. मी आजवर लोकांना डिस्क गेल्याचं सांगितलं आहे, फोटो गेल्याचं, एकाला त्याच्या प्रबंधाचं. पण त्या लोकांचं सामान त्यांच्या हयगयीने गेलं होतं. काका उठून केळीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. स्टेफी रडायला लागली. मी मशीन आणि होत्या तेवढ्या डिस्का पिशवीत भरल्या.

पुसलेल्या डिस्कवरून सामान परत काढता येतं, जर वर दुसरं काही लिहिलं नसेल तर. काकांनी त्यांच्यावर चर्चच्या सणांचे व्हिडिओ भरले होते. तरी मी खोदत बसले. दुकानातली बाकीची कामं रखडली, गिऱ्हाइकं कुरकुरली, आमच्या ह्यांनी सलग कित्येक दिवस वरण-भात केला. काही गाणी निघाली, काहींचे तुकडे. बरीचशी निघाली नाहीत. विहिरीचं गाणं मात्र निघालं. ओरखडे होते, खरखर होती, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत होतं. फक्त मधे एक मोठी मोकळी जागा होती. रोझाबायचा आवाज थांबतो, बराच वेळ काही नाही, आणि मग पुढचं कडवं सुरू होतं. नावांचं कडवं नेमकं त्या जागेत होतं.

ती जागा भरायला मी जिवाचं रान केलं. आणि ती मला चकवत राहिली, कारण नासलेल्या फाइलमध्ये एकतर किंचाळी येते नाहीतर ठार शांतता येते. इथे दोन्ही नव्हतं. कानाला हेडफोन लावून ऐकलं तर पंख्याची घरघर नीट चालू होती. लांब कुठेतरी कोंबडा आरवत होता. खोली जशीच्या तशी होती, फक्त गाणं नव्हतं. असं बिघडलेलं मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

शेवटी हरले आणि आहे तेवढं घेऊन गासला गेले. काकांनी सगळ्यांना पडवीत बोलावलं. गाणं लावलं. रोझाबाय पदराला हात पुसत आली आणि आपलाच आवाज परक्याचा ऐकावा तशी ऐकत राहिली. मोकळी जागा आली तेव्हा मी चटकन म्हटलं, "रोझामावशी, इथलं गेलंय. मी खूप शोधलं. नाही मिळालं."

"गेलं नाय," रोझाबाय म्हणाली.

"म्हणजे?"

"तिथं मी गप बसलेली. म्हटलंच नाय, तर गेलं कुठं?"

काका म्हणाले, "गप्प? का?"

"ते कडवं खोलीत म्हनत नाय. घागर डोक्यावर असली तरच म्हनायचं, विहिरीच्या कठड्याशी. नाय तर विहिरीचं पानी आटतं. आयनं शपत घातलेली. म्हनून तेवढा वेळ थांबले आनि पुढचं घेतलं."

"मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं कधी? मशीन लावलं नि वाडीत गेला."

हेही खरं होतं. भावासमोर गायला ती लाजते म्हणून काकांनी रेकॉर्डर सुरू करून ठेवला होता आणि ते पाणी सोडायला गेले होते. परत येऊन त्यांनी न ऐकताच गाण्याचं नाव लिहिलं, गाठोड्यात बांधलं आणि दर पास्कानंतर नवं करत राहिले. विहिरीवरचा हा विधी बायकांचा, पुरुष कुंपणापलीकडे थांबतात, त्यामुळे ते गाणं पुरं कसं असतं हे त्यांना कधी कळायची सोयच नव्हती. जी वस्तू मुळात नव्हतीच तिच्यासाठी मी डोळे फोडून घेतले होते आणि तो पंखा मला रोज तेच सांगत होता.

स्टेफीलाच आधी सुचलं. ती रोझाबायच्या गुडघ्यांशी बसली. "आज्जी, मग तूच ये ना विहिरीवर. स्पीकर नको. हळू म्हण, थांबत थांबत म्हण. मला नावं पाहिजेत."

रोझाबायने आधी दम्याचं कारण सांगितलं, मग गुडघ्यांचं. मग म्हणाली, "येते."

मला लग्नाचं आमंत्रण होतंच. आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर मी गेले. वाडीतल्या विहिरीवर बसवलेली लोखंडी जाळी काकांनी एका बाजूने कापून घेतली होती. गावातली लग्नं केव्हाच हॉलमध्ये गेली. न्हाणाचं पाणी आता नळाचं नाहीतर जारचं असतं, आणि गाणंही न्हाणीघराच्या दाराशी उरकतात. विहिरीवर जाणारं हे बऱ्याच काळाने पहिलंच लग्न, असं बायका आपसांत बोलत होत्या. बँडवाले पुढे, मागे लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या, मधे स्टेफी. काका आणि बाकीचे पुरुष कुंपणाशी थांबले. मी बाई असल्याचा धंद्यात कधी फायदा झाला नाही, तो त्या दिवशी झाला. मी थेट कठड्याशी उभी होते.

रोझाबायने गायला सुरुवात केली. आवाज फाटला होता, पण दोन ओळींनंतर तो आपल्या वाटेला लागला. बायकांनी धृपद उचललं. मी हे गाणं इतक्या वेळा ऐकलं होतं की प्रत्येक ओरखड्याची जागा मला पाठ होती, आणि इथे एकही ओरखडा नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मोकळी जागा आली तशी बायकांनी तिच्या डोक्यावर भरलेली घागर चढवली. एका हाताने तिने ती सावरली आणि ते कडवं सुरू केलं. पहिलं नाव तिच्या आईचं आलं, आईच्या गावच्या विहिरीचं आलं. दुसरं आजीचं आलं. स्टेफी ओठ हलवून पाठ करत होती.

मग रोझाबाय थांबली.

दम घ्यायला थांबली असं आम्हाला वाटलं. तिने दुसरं नाव परत घेतलं आणि त्याच ठिकाणी परत थांबली. तिचे ओठ उघडत होते, मिटत होते. बँडवाल्याने सनई तोंडापासून खाली घेतली. एका म्हातारीने हळूच एक नाव सुचवलं. रोझाबायने मान हलवली, ते नव्हे. दुसरीने आणखी एक सुचवलं, तेही नव्हे.

"आज्जी, पुढं?" स्टेफी म्हणाली.

"होतं," रोझाबाय म्हणाली. "मना येत होतं." ती आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती, कोणीतरी लपवून ठेवलंय आणि आता देईल अशी. ते कडवं खोलीत म्हणायचं नाही म्हणून तिने कुठे म्हटलं नव्हतं, आणि इतकी वर्षं विहिरीवर तिला कोणी नेलं नव्हतं.

मग तिने कुंपणाकडे तोंड केलं आणि भावाला जोरात हाक मारली. "पास्कू, अरे तुझ्या मशीनमध्ये असेल ना ते, बघ जरा."

तिथे ते नाही हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. काका कुंपणाची काठी धरून उभे होते. त्यांनी बहिणीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस मशीन मेलं की ते ज्या नजरेने माझ्याकडे बघायचे त्याच नजरेने, की बाय, तू बघ, तुला कळेल. तो माणूस खरोखर वाट बघत होता.

मी त्यांना नाही म्हणून मान हलवली. रोझाबाय अजून घागर डोक्यावर घेऊन उभी होती.